शंभराच्या वर

मे महिना. लष्करात सकाळी साडेसातलाच
पत्रा तापलेला, कुत्री नालीत उतरलेली,
आणि ही बाई शाल पांघरून आली.

चिटणीस की गोठमधली आमची लॅब म्हणजे
दीड खोली, एक इन्व्हर्टर, हप्त्यांवरचं मशीन, आणि मी.
नाव? पद्मजा मुंगी.
वय? बावन्न. नाही, त्रेपन्न.
उत्तर यायला वेळ लागत होता,
खोल विहिरीत खडा टाकल्यावर लागतो तसा.
नवरा म्हणाला, सगळंच स्लो आहे हो हिचं,
आणि हसला, मीही हसावं म्हणून माझ्याकडे बघत.

केस गळण्याची गोळी चालू आहे का, मी विचारलं.
ती गोळी मशीनला फसवते.
नाही, म्हणाली. केस आहेत कुठे?
आवाज ओल्या पोत्यातून आल्यासारखा.

शीर सापडेना. तिचा गार हात
माझ्या दोन्ही हातांत धरून बसले थोडी.
बाहेर टेंपोवाला ‘बाड़ा, बाड़ा’ ओरडत होता.
मग भरली एकदाची,
पिवळ्या टोपणाची नळी.

नळी अर्धा तास उभी ठेवायची,
रक्ताला घाई चालत नाही.
मग गरगर फिरवायची. तांबडं खाली बसतं,
वर गव्हाच्या काडीच्या रंगाचं पाणी,
मधे जेलची भिंत,
भावाभावांत वाटणी झाल्यासारखी.

या पाण्यात मी काय शोधते?
मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते.
ती गळ्याला हाक मारते: ऊठ, काम कर.
गळ्यानं ऐकलं तर गप्प बसते.
नाही ऐकलं तर पुन्हा. मग पुन्हा. मग जोरात.
टीएसएच म्हणजे दुसरं काही नाही, त्या हाकांची मोजणी.
चार-साडेचारपर्यंत घर बरं चाललंय म्हणायचं.

टी-फोरचं मात्र उलटं.
रक्तात तो जेवढा कमी, तेवढा मशीनमध्ये उजेड जास्त.
बारा वर्षं हे काम करतेय,
तरी इथं दर वेळी अडखळते.

दुपारी वीज गेली, इन्व्हर्टर कण्हला,
आणि मशीननं आकडा दिलाच नाही.
नुसतं म्हणालं: शंभराच्या वर.
म्हणजे पट्टी संपली.
मग सीरम दहापट पातळ करायचं, पुन्हा लावायचं,
येईल त्याला दहानं गुणायचं.
एकशे बासष्ट.

कितव्या हाकेला काढली असेल तिनं ही शाल?

माझी आई जनकगंजच्या स्वयंपाकघरात
भिंतीला टेकून झोपायची,
तव्यावरची पोळी काळी होईस्तोवर.
बाबा तिला म्हैस म्हणायचे. मग आम्हीही.
ती हसायची, जरा उशिरानं.
तिची नळी कधी भरली गेली नाही.
तेव्हा पैसे नव्हते, असं मी सांगत असते.
पैसे होते.
सुचलं नाही कुणाला.

संध्याकाळी नवरा रिपोर्ट न्यायला आला.
उभ्याउभ्या वाचला, चष्मा वर सारून, मग खाली ओढून.
इथं टिंब राहिलंय का हो? एक पॉइंट बासष्ट?
टिंब नाही राहिलं, म्हटलं. दोनदा लावलंय.
डॉक्टरांना दाखवा. गोळी असते, सकाळी उपाशीपोटी घ्यायची.
याहून जास्त बोलायचा मला अधिकार नाही.

तो बाकावर बसला.
कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.
रात्री पंखा मीच लावतो, म्हणाला.
पाचवर.

उरलेलं सीरम सात दिवस ठेवायचा नियम आहे.
नळीवर तारीख टाकली,
फ्रिजमध्ये नेहमीच्या जागी, अगदी मागे, ठेवायला गेले
आणि हात थांबला.
मागचा कप्पा सगळ्यात गार.
दाराजवळ ठेवली.